अरण्यांतील वाटा व त्यांचे सेवक

रस्ता एकदां बांधला म्हणजे तो कायमचा झाला, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. शहरांतील सडका पाहून ती समजूत होणें साहजिक आहे. कारण तेथें खड्डा पडला तर तो बुजविण्यास नगरपालिकेचीं माणसें येतात, झाड कोसळलें तर तें उचललें जातें, आणि हें काम कोण करितो याची चौकशी करण्याचें कारण पादचाऱ्यास पडत नाहीं. परंतु ज्या वाटा डोंगरांतून व निबिड अरण्यांतून जातात, जेथें गाडी पोंचत नाहीं व जेथून जवळचें गांव एक दिवसाच्या चालीवर असतें, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथें मोठें झाड वाटेवर आडवें पडलें तर तें कोणीतरी पायीं जाऊन, हत्यारें खांद्यावर वाहून नेऊन, कापून बाजूस सारावें लागतें. तसें कोणी न केल्यास तें तेथेंच राहतें, पुढच्या वर्षीं त्याच्या शेजारीं दुसरें पडतें, आणि कांहीं वर्षांनीं येथें वाट होती हेंहि कोणास ओळखूं येत नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा वाटांचें रक्षण फार मोठ्या अंशीं स्वयंसेवक करितात. त्यांत शिक्षक असतात, कारकून असतात, सुतार, परिचारिका, महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि नोकरींतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थहि असतात. आठवडाभर आपापला उद्योग करून सुटीच्या दिवशीं हीं माणसें कुऱ्हाड व करवत घेऊन रानांत जातात, पडलेलीं झाडें कापून वाट मोकळी करितात व संध्याकाळीं घरीं परततात. काम दूरचें असलें म्हणजे कित्येकदां तीं चार-आठ दिवस रानांतच मुक्काम करितात.

या कामाची माहिती विद्यार्थ्यांस देण्याचें आम्ही योजिलें आहे, याचीं कारणें दोन. पहिलें हें कीं, पदार्थविज्ञानाच्या वर्गांत ताण, दाब, तरफ व पाचर यांविषयींचे जे नियम आपण पाठ करितों, ते या कामांत खरोखर जीवनमरणाचे होतात. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. परोपकाराची इच्छा झाली म्हणजे परोपकार करितां आलाच, असें आपण सहज धरून चालतों. पडलेलें झाड हा समज खोटा ठरवितें. तें कसें कापावें हें ज्याला कळत नाहीं, त्याची सदिच्छा त्याला स्वतःला व त्याच्या सोबत्यालाहि घातक होते. सेवा ही शिकावी लागते व तिची परीक्षा द्यावी लागते, हें या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसतें.

वाटेचा इतिहास

संयुक्त संस्थानांच्या पूर्वभागीं ॲपलाचियन नांवाची पर्वतांची रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरली आहे. या रांगेवरून जाणारी एक अखंड पायवाट असावी, अशी कल्पना बेंटन मॅकाय नांवाच्या वनशास्त्रज्ञानें १९२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत वास्तुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकांत लेख लिहून मांडली. कारखान्यांत व कचेऱ्यांत कोंडलेल्या शहरवासी लोकांना डोंगरावरील मोकळी हवा व श्रमाचा आनंद लाभावा, हा त्याचा हेतु होता. १९२३ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत बेअर मौंटन येथें या वाटेचे पहिले कांहीं मैल खुले झाले, व १९२५ सालीं वॉशिंग्टन शहरीं सभा भरून या कार्यासाठीं एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. पुढें मायरन ॲव्हरी या वकिलानें तें काम अंगावर घेतलें. मापनयंत्र जोडलेलें सायकलचें चाक हातानें ढकलीत त्यानें मैलामागून मैल मोजले, ठिकठिकाणचीं गिर्यारोहक मंडळें एका सूत्रांत आणिलीं, व सरकारनें बेकार तरुणांकरितां काढलेल्या पथकांचेंहि साहाय्य मिळविलें. अखेर १४ ऑगस्ट १९३७ रोजीं मेन संस्थानांत शेवटचा तुकडा जोडला गेला व वाट पुरी झाली. आज ही वाट दक्षिणेस जॉर्जिया संस्थानांतील स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन संस्थानांतील कटाडिन शिखरापर्यंत, १४ संस्थानांतून, सुमारें २,१९० मैल जाते.

येथपर्यंतची हकीकत पुस्तकांतून पुष्कळ ठिकाणीं आढळते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरी गोष्ट त्यापुढें आहे. वाट पुरी झाल्याला तेरा-चौदा महिने होतात न होतात तोंच, २१ सप्टेंबर १९३८ रोजीं ईशान्येकडील संस्थानांवर एक भयंकर चक्रीवादळ येऊन कोसळलें. त्यानें रानेंच्या रानें आडवीं केलीं व वाटेचे लांबच लांब भाग पडलेल्या झाडांखालीं गाडले गेले. तें काम हातीं घ्यावें तों दुसरें महायुद्ध आलें. तरुण स्वयंसेवक लढाईवर गेले, पेट्रोल मोजून मिळूं लागलें, आणि वाटेकडे जाणेंच कठीण झालें. १९४८ सालीं अर्ल शॅफर नांवाच्या युद्धावरून परतलेल्या एका तरुणानें ही वाट एकाच प्रवासांत या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालून दाखविली, तेव्हां त्याला कित्येक ठिकाणीं झाडाझुडपांत हरवलेली वाट शोधीत जावें लागलें. पुन्हां ती सलग झाली ती १९५१ सालीं.

वाचकांनीं हे आंकडे एकापुढें एक मांडून पाहावे. लेख प्रसिद्ध झाल्यापासून वाट पुरी होण्यास सोळा वर्षें लागलीं. ती तुटण्यास एक दिवस पुरला. आणि तुटलेली जोडण्यास तेरा वर्षें गेलीं. एखादी गोष्ट बांधणें व ती राखणें हीं दोन वेगवेगळीं कामें आहेत, आणि दुसरें काम कधींच संपत नाहीं, हें यावरून दिसून येईल. १९६८ सालीं कायदा होऊन या वाटेस राष्ट्रीय मार्गाचा मान मिळाला. पण त्यानंतरहि तिची देखभाल जुन्याच पद्धतीनें चालू आहे. प्रत्येक मंडळाकडे वाटेचा एक भाग असतो, आणि कित्येक मंडळें आपल्या भागांतील एक-दोन किंवा चार-पांच मैल एकेका सभासदाच्या नांवें लावून देतात. त्या मैलांवर कोठें काय पडलें आहे हें पाहण्याची जबाबदारी त्याची.

झाडें कां पडतात व त्यामुळें काय होतें

डोंगरमाथ्यावर मातीचा थर पातळ असतो व खालीं खडक असतो. त्यामुळें झाडांचीं मुळें खोल न जातां आडवीं पसरतात. पुष्कळ दिवस पाऊस पडून माती भिजली व त्यावर जोराचा वारा सुटला म्हणजे उभें झाड मुळांसकट, मातीच्या मोठ्या ढेपेसह, उन्मळून पडतें. थंड प्रदेशांत पावसाचें पाणी फांद्यांवर गोठून बर्फाचा जड थर बसतो व त्या भारानें फांद्या आणि शेंडे मोडतात. कीटकांचा उपद्रव हें तिसरें कारण होय. सालीखालीं राहणारे बारीक भुंगे पश्चिमेकडील डोंगरांत सूचिपर्ण वृक्षांचीं विस्तीर्ण रानें मारून टाकतात. पूर्वेकडे ॲश नांवाच्या वृक्षांचा नाश करणारा एक हिरवा भुंगा आशिया खंडांतून येऊन पोंचल्याचें २००२ सालीं मिशिगन संस्थानांत आढळून आलें व त्यानंतर तो अनेक संस्थानांत पसरला. वणव्यानें मेलेलीं झाडें तर वर्षानुवर्षें उभीं राहून एकेक करून पडत असतात. म्हणजे संकट एका दिवशीं येऊन गेलें तरी त्याचें काम पुढें दहा-वीस वर्षें पुरतें.

एखादें झाड वाटेंत पडलें म्हणून एवढें काय बिघडलें, असें कोणी विचारील. तरुण मनुष्य त्यावरून चढून जाईल, हें खरें आहे. परंतु दुसरा त्याला वळसा घालून जातो, तिसरा त्याच्या पावलावर पाऊल ठेवतो, आणि थोड्याच दिवसांत झाडाभोंवतीं नवी वाट पडते. तिच्याखालीं कोंवळीं रोपें तुडविलीं जातात; उतारावर असेल तर माती सुटते व पावसाळ्यांत तेथें ओघळ होतो. आडव्या ओंडक्याशीं तुंबलेलें पाणी चरांतून बाहेर न जातां वाटेवरूनच वाहूं लागतें व वाट खणून काढतें. सामान वाहणारे घोडे व खेंचरें यांना तर मोठा ओंडका ओलांडतांच येत नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, डोंगरांत कोणाचा पाय मोडला तर त्याला झोळींत घालून आणावें लागतें. झोळीला एका वेळीं सहा माणसें लागतात, आणि प्रत्येक ओंडक्यापाशीं थांबून ती एका बाजूनें दुसऱ्या बाजूस हातोहात द्यावी लागते. अशा वेळीं वाटेंत पडलेल्या प्रत्येक झाडानें त्या जखमी माणसाचा काळ वाढतो. वाट मोकळी करणाऱ्यानें तें झाड गेल्या महिन्यांत कापलें असेल, तर त्यानें त्या अनोळखी माणसाला किती साहाय्य केलें हें त्या दोघांसहि कधीं कळत नाहीं.

मात्र वाट मोकळी करणें म्हणजे रान साफ करणें नव्हे. पायवाटेसाठीं सामान्यतः चार फूट रुंद व आठ फूट उंच एवढी जागा मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे. तेवढ्यापुरताच ओंडक्याचा तुकडा कापून काढतात व तो वाटेच्या उताराकडील बाजूस, पाणी न अडेल अशा रीतीनें, लोटून देतात. बाकीचें झाड जेथें पडलें तेथेंच राहतें. तें कुजूं लागलें म्हणजे त्यांत कीटक, बुरशी व लहान प्राणी यांना आसरा मिळतो, आणि कित्येकदां त्याच्याच पाठीवर नव्या वृक्षाचें बीं रुजतें.

कायदा व हातकरवत

संयुक्त संस्थानांच्या कायदेमंडळानें केलेल्या एका कायद्यावर ३ सप्टेंबर १९६४ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. या कायद्यानें देशांतील कांहीं सरकारी प्रदेश 'अरण्यप्रदेश' म्हणून कायमचे राखून ठेविले. आरंभीं त्यांचें क्षेत्रफळ ९१ लक्ष एकर होतें. आज तें ११ कोटी एकरांहून अधिक आहे. या प्रदेशांत मनुष्यानें पाहुण्यासारखें यावें व परत जावें, राहूं नये, अशी त्या कायद्यामागील भावना आहे. म्हणून तेथें पक्के रस्ते नाहींत, मोटारगाड्या नाहींत, आणि अगदीं अपवादात्मक गरज पडल्यावांचून कोणतेंहि इंजिनावर चालणारें यंत्र वापरण्याची मुभा नाहीं. सायकलसुद्धां नेतां येत नाहीं.

याचा परिणाम असा झाला कीं, इतरत्र पेट्रोलवर चालणारी यांत्रिक करवत सर्रास वापरण्यांत आली तरी अरण्यप्रदेशांत जुनी हातकरवतच कामास येते. जें झाड यंत्रानें कांहीं मिनिटांत कापतां येईल त्याला तेथें तास-दीड तास लागतो. पण यामुळें एक बुडत चाललेली विद्या वांचली. दोघांनीं ओढावयाच्या लांब करवती लांकूडतोडीच्या धंद्यांतून नाहींशा झाल्यावर चांगल्या करवती घडविणारे कारखानेहि बहुतेक बंद पडले. आज जाणते लोक गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतील जुन्या करवती गोठ्यांतून व अडगळींतून शोधून काढतात, कारण त्यांच्या पोलादाची व घडणीची सर नव्या मालाला येत नाहीं असें ते मानतात. अशा करवतींची निगा व धार यांविषयीं वॉरन मिलर यांनीं लिहिलेली एक लहानशी पुस्तिका तेथील वनखात्यानें १९७७ सालीं छापली. ती अद्यापि या विषयावर प्रमाण मानली जाते.

करवतीची रचना

आपल्याकडेहि दोघे करवत्ये मिळून सागाच्या ओंडक्याच्या फळ्या पाडीत असत, तें दृश्य वृद्ध मंडळींस आठवत असेल. पण फळी पाडणें म्हणजे लांकूड उभें, त्याच्या रेषांच्या दिशेनें चिरणें होय. वाटेवरचा ओंडका आडवा, रेषा तोडून, कापावयाचा असतो, आणि त्याकरितां दातांची घडण निराळी लागते.

ही करवत सामान्यतः पांच ते सात फूट लांब असून तिच्या दोन्ही टोंकांस काढतां-घालतां येणाऱ्या लांकडी मुठी असतात. तिच्यावर दोन जातींचे दांत असतात. एका जातीचे दांत सुरीसारखे धारदार असून ते आळीपाळीनें डाव्या व उजव्या अंगास किंचित् वळविलेले असतात. ते खांचेच्या दोन्ही कडांवरील तंतु तोडीत जातात. दुसऱ्या जातीचे दांत सुताराच्या रंध्याचें काम करितात. दोन्ही बाजूंनीं तुटलेले तंतु ते तळापासून खरवडून उचलतात. हे दुसरे दांत पहिल्यांपेक्षां इंचाच्या कांहीं सहस्रांशांनीं आंखूड असावे लागतात. लांब राहिले तर करवत अडखळते. फार आंखूड झाले तर लांकूड निघतच नाहीं. दातांच्या मधल्या खोल खांचांत तो कीस सांठतो व करवत ओंडक्याबाहेर आली म्हणजे खालीं पडतो. शिवाय उत्तम करवतीचें पातें दातांकडे जाड व पाठीकडे पातळ असें घडविलेलें असतें, म्हणजे तें खांचेंत घासत नाहीं.

करवतीची धार बरोबर आहे कीं नाहीं हें तिच्याखालीं काय पडतें यावरून कळतें. बारीक भुसा पडूं लागला तर कानस चालविणाराचें काम कच्चें राहिलें असें समजावें. शेवयांसारखे लांब लांब धागे पडूं लागले म्हणजे करवत ठीक आहे.

ती चालविण्याचा मुख्य नियम असा कीं, प्रत्येकानें फक्त ओढावें, ढकलूं नये. पातें पातळ असल्यामुळें ढकलल्यास तें वांकतें. एकानें ओढलें कीं त्यानें हात सैल सोडावा व दुसऱ्यानें ओढावें. जोर अधिक असलेल्या माणसानें आपल्या जोराप्रमाणें खेंचूं नये. दोघांस झेपेल अशी एक लय धरावी. नवशिका प्रथम आपलें बळ दाखवूं जातो व पांच मिनिटांत थकतो, आणि त्याच्यासमोरचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ न थांबतां तासभर काम करितो, असें पुष्कळदां घडतें.

पडलेलें झाड वाचणें

आतां आम्ही या विद्येच्या मुख्य भागाकडे वळतों. पडलेलें झाड निर्जीव दिसलें तरी तें स्वस्थ नसतें. त्याच्या अंगांत बळ सांठलेलें असतें, आणि करवतीनें तें मोकळें होतें. तें कोणत्या दिशेनें मोकळें होईल हें आधीं ओळखणें, यालाच झाड वाचणें म्हणावें.

एक ओली काठी घेऊन दोन्ही टोंकें दोन विटांवर ठेवा व मध्यें हातानें दाबा. काठीच्या वरच्या अंगाचे तंतु एकमेकांवर दाबले जातात व खालच्या अंगाचे ताणले जातात. दोन उंचवट्यांवर टेकलेल्या व मध्यें अधांतरीं असलेल्या ओंडक्याची स्थिति हीच असते. असा ओंडका वरून कापूं लागलें म्हणजे खांच मिटूं लागते व करवत चिमट्यांत सांपडते. म्हणून खांच पुरेशी खोल होतांच करवतीच्या पाठीमागें पाचरी ठोकून ती उघडी ठेवितात, किंवा करवत उलटी धरून शेवटचा भाग खालून कापतात. याउलट ओंडक्याचें एक टोंक टेकलेलें व दुसरें हवेंत असेल तर वरचें अंग ताणलेलें असतें. तेथें खांच आपोआप उघडते. पण काम पुरें होण्यापूर्वींच ओंडका फाटून तुटण्याचें भय असतें. तिसरा प्रकार, झाड दोन उभ्या खोडांमध्यें अडकून धनुष्यासारखें बाजूस वांकलेलें असण्याचा. हा सर्वांत फसवा. कापतांच तें धनुष्याच्या बाहेरील, म्हणजे फुगीर, बाजूस जोरानें झेंप घेतें. तेव्हां कापणारानें नेहमीं आंतील बाजूस उभें राहावें. चौथा प्रकार उतारावर उभ्या दिशेनें पडलेल्या झाडाचा. त्यांत वरच्या भागाचें वजन खालीं सरकून सबंध खांच मिटवूं पाहतें.

वजनाचा अंदाज करण्यास आपल्या गणिताच्या वर्गाचा उपयोग होतो. दोन फूट व्यासाचा व आठ फूट लांबीचा ओंडक्याचा तुकडा घेतला, तर त्याचें घनफळ सुमारें २५ घनफूट भरतें. ओल्या लांकडाच्या एका घनफुटाचें वजन ५० पौंड धरिलें तर तो तुकडा १,२५० पौंडांचा झाला. एवढें वजन उतारावर घरंगळूं लागलें तर तें कोणास थांबवितां येणार नाहीं. म्हणून ओंडक्याच्या खालच्या अंगास कोणीहि उभें राहावयाचें नाहीं असा कडक नियम आहे. करवतीला दोन माणसें लागतात व त्यांतील एक खालच्या बाजूस असतो, मग काय करावें? खांच बरीच खोल गेल्यावर खालचा मनुष्य आपली मूठ काढून घेतो व वर येतो, आणि शेवटचा भाग वरचा मनुष्य एकटा कापतो. तसेंच मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचा बुंधा कापला कीं मुळांची ती प्रचंड ढेप पुन्हां खड्ड्यांत उभी राहण्याचा संभव असतो, म्हणून तिच्या मागें कोणी नाहीं ना हें आधीं पाहावें लागतें. वर दुसऱ्या झाडांत लोंबकळत राहिलेल्या मोडक्या फांद्या तर तेथील लांकूडतोडे 'विधवा करणाऱ्या' या नांवानेंच ओळखतात.

हें सर्व ध्यानांत राहावें म्हणून शिकाऊ माणसास प्रत्येक झाडापाशीं पांच गोष्टींचा क्रमानें विचार करण्यास शिकवितात. पहिली गोष्ट हेतु: हें झाड कापण्याची खरोखर जरुरी आहे काय? दुसरी धोके: वर, खालीं व सभोंवार काय आहे? तिसरी कल व ताण: बळ कोठें सांठलें आहे व तें कोणीकडे जाईल? चौथी निसटण्याची वाट: झाड हललें तर आपण कोठें सरणार, आणि ती जागा मोकळी केली आहे काय? पांचवी कापण्याचा बेत: कोणती खांच प्रथम, कोणती नंतर, व कोण कोठें उभा राहील? या पांचांचीं उत्तरें सोबत्यास मोठ्यानें सांगितल्यावरच करवत लांकडाला लागते. एखादें उत्तर मिळालें नाहीं तर झाड तसेंच सोडून परत जावें, आणि अधिक जाणत्यास पाठवावें. तसें परत येण्यांत कमीपणा मानीत नाहींत. बेत नसतांना करवत लावणें हाच तेथें दोष समजला जातो.

परीक्षा व परवाना

तेथील राष्ट्रीय वनांत करवत चालविण्यासाठीं स्वयंसेवकासहि परवाना लागतो. आधीं शिक्षण, मग रानांत प्रत्यक्ष झाड कापून दाखविण्याची परीक्षा, आणि तींत उतरल्यास पायरीप्रमाणें दाखला, अशी पद्धत आहे. पहिल्या पायरीचा मनुष्य जाणत्याच्या देखरेखीखालीं काम करितो, दुसऱ्या पायरीचा आपल्या मर्यादेंत स्वतंत्रपणें करितो, व तिसऱ्या पायरीचा अवघड झाडें हातीं घेतो. प्रथमोपचाराचें ज्ञान असावेंच लागतें. दाखल्याची मुदत तीन वर्षांची असून पुढें परीक्षा पुन्हां द्यावी लागते. वीस वर्षें काम केलेल्या माणसासहि यांतून सूट नाहीं. डोक्यास कठीण टोपी, डोळ्यांस चष्मा, हातांत मोजे व पायांत भक्कम बूट असल्यावांचून काम करूं देत नाहींत. यांत्रिक करवत अठरा वर्षांखालील मुलांच्या हातीं देत नाहींत. मुलांना तोडलेल्या फांद्या ओढून नेणें, चर मोकळे करणें, हत्यारें वाहणें हीं कामें असतात, आणि पाहतां पाहतां पुष्कळसें शिक्षण त्यांतच होतें.

या बदल्यांत सरकारहि आपलें कर्तव्य ओळखतें. १९७२ सालच्या एका कायद्यान्वयें राष्ट्रीय वनांत नोंदलेल्या स्वयंसेवकास कामावर असतांना इजा झाली, तर पगारी नोकराप्रमाणें त्याच्या भरपाईची तजवीज केलेली आहे.

काम मोठें, हात थोडे

एवढें असूनहि काम पुरें पडत नाहीं. २०१३ सालीं तेथील सरकारच्या हिशेबतपासणी कचेरीनें दिलेल्या अहवालाप्रमाणें वनखात्याच्या ताब्यांत १,५८,००० मैल लांबीच्या वाटा होत्या, आणि त्यांपैकीं सुमारें चौथा हिस्साच ठरविलेल्या प्रतीच्या स्थितींत होता. २०१६ सालीं स्वयंसेवकांचें साहाय्य वाढविण्याकरितां नवा कायदा करण्यांत आला. तथापि स्वयंसेवकांना शिकविण्यास, त्यांची परीक्षा घेण्यास व त्यांचें काम आंखून देण्यास पगारी जाणतीं माणसें लागतातच. फुकट हात मिळाले म्हणून तीं माणसें कमी करावीं हा हिशेब चुकीचा आहे, असें आमचें मत आहे.

यंत्र कीं हातकरवत हा वादहि मिटलेला नाहीं. २०१९ सालीं कोलोरॅडो संस्थानांतील दोन अरण्यप्रदेशांत भुंग्यांनीं मारलेलीं स्प्रूसचीं झाडें इतकीं पडलीं कीं, हातकरवतीनें वाटा मोकळ्या करणें अशक्य आहे असें म्हणून वनखात्याच्या अधिकाऱ्यांनीं कांहीं काळ यांत्रिक करवती वापरण्यास परवानगी दिली. निसर्गरक्षक संस्था न्यायालयांत गेल्या व ती परवानगी मागें घेण्यांत आली. दोन्ही पक्षांचें म्हणणें विचार करण्यासारखें आहे. वाट बंद राहिली तर लोक अरण्यापासून दुरावतात. आणि सोयीसाठीं नियम एकदां मोडला तर पुढें तो राहत नाहीं. विद्यार्थ्यांनीं आपल्या वादविवादमंडळांत या प्रश्नाची चर्चा अवश्य करावी.

१९३८ सालची आठवण करून देणारें संकट अलीकडेंच येऊन गेलें. २०२४ सालच्या सप्टेंबरअखेर हेलीन नांवाचें चक्रीवादळ दक्षिण ॲपलाचियन पर्वतांवर आलें. पुरांनीं गांवें वाहून गेलीं, पुष्कळ माणसें मेलीं, आणि वाटेचे शेंकडों मैल बंद करावे लागले. स्वयंसेवकांपैकीं कित्येकांना प्रथम आपापल्या गांवचेच रस्ते मोकळे करावे लागले. त्यानंतर पथकें डोंगरांत गेलीं, आणि पुढील कांहीं महिन्यांत वाटेचा बराच मोठा भाग पुन्हां चालण्याजोगा झाला. या वेळीं तेरा वर्षें लागलीं नाहींत. शिकलेलीं माणसें, धार लावलेलीं हत्यारें व नेमून दिलेले मैल हीं वादळापूर्वींच तयार होतीं, हें त्याचें एक मोठें कारण होय.

आपल्याकरितां

आपल्या सह्याद्रींतहि आषाढ-श्रावणांत झाडें उन्मळून गडांच्या वाटा अडतात, आणि दुर्गप्रेमी मंडळें श्रमदानानें गडांवर पुष्कळ काम करितात. हा लेख वाचून कोणीं कुऱ्हाड उचलून रानांत धांवावें अशी आमची इच्छा मुळींच नाहीं. राखीव जंगलांतील लांकूड, मग तें पडलेलें कां असेना, १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें परवानगीवांचून कापतां किंवा नेतां येत नाहीं. आणि शिक्षणावांचून तें कापणें किती धोक्याचें आहे हें वर सांगितलेंच आहे. विद्यार्थ्यांना करण्याजोगें पुष्कळ आहे. प्रथमोपचार शिकावा. शाळेच्या आवारांतून जाणारा चर पावसापूर्वीं मोकळा करावा. शाळेच्या बागेंतील कोयत्याला व खुरप्याला धार कशी लावावी हें माळ्याजवळ बसून पाहावें. एखाद्या कामाचा ठराविक भाग आपल्या नांवें मागून घ्यावा, व कोणी पाहो न पाहो, वर्षभर तो सांभाळावा.

यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या वाटसरूचा दृष्टांत आपण वर्गांत ऐकतों. त्यांतील शोमरोनी गृहस्थाजवळ दयेबरोबर तेल, द्राक्षारस व पट्ट्याहि होत्या, आणि जखमेवर त्यांचा उपयोग कसा करावा हें त्याला ठाऊक होतें. दया सर्वांच्या मनांत उत्पन्न होते. ती कामास यावी म्हणून लागणारी तयारी मात्र ज्यानें त्यानें आधींच, आपल्या विद्यार्थिदशेंतच, करून ठेवावयास पाहिजे.